बावीस तासांचं पाणी

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची टाकी. पण गल्लीतून मान वर करून पाहिलंत, तर तुम्ही म्हणाल, "छे, हे तर विमान!" तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही. मला दोन पंख आहेत, शेपूट आहे आणि दोन्ही अंगांना निळ्या रंगाने काढलेल्या सात-सात खिडक्या आहेत. एका खिडकीत तर मिस्त्रीने मिशीवाला एक चेहराही काढला होता. तो आता पुसट झालाय. बाहेरून विमान आणि पोटात पाणी, असा माझा जन्म. सव्वीस वर्षं झाली, मी जागची वीतभरही हललेली नाही.

पंजाबात नकोदरच्या अलीकडे चक मंगू नावाचं गाव आहे. तिथल्या मेहंगासिंगांच्या बंगल्याच्या गच्चीवर मी राहते. आमच्या गावात गच्चीवर नुसती चौकोनी टाकी बांधणाऱ्याला लोक नावं ठेवतात. ज्याचा मुलगा फौजेत, त्याच्या गच्चीवर रणगाडा. कबड्डीवाल्याच्या गच्चीवर मांडीवर थाप मारणारा पहिलवान. शेजारच्या चन्नोच्या घरावर भलामोठा प्रेशर कुकर आहे, कारण तिचा मुलगा इटलीत हॉटेलात स्वयंपाकी. आणि ज्याच्या घरचं कुणी कॅनडाला गेलं, त्याच्या गच्चीवर विमान. मेहंगासिंगांचा एकुलता एक मुलगा तरलोचन कॅनडाला गेला, ट्रक चालवू लागला आणि तिसऱ्या वर्षी मी जन्माला आले.

जगीर मिस्त्रीने मला घडवलं. सळ्या वाकवल्या, जाळी गुंडाळली, वर सिमेंटचे थर दिले. अंग तयार झालं आणि त्याने गच्चीवरून खाली हाक मारली, "सरदारजी, नाक कुणीकडे करू?"

"कॅनडाकडे!" मेहंगासिंग अंगणातून गरजले.

"पण कॅनडा आहे कुठे?"

झालं! हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणी म्हणे, सूर्य मावळतो तिकडे. कुणी म्हणे, नाही, उगवतो तिकडे. शेवटी शाळेतले हरकिशन मास्तर पृथ्वीचा गोल काखोटीला मारून गच्चीवर आले. त्यांनी दोऱ्याचं एक टोक दिल्लीवर धरलं, दुसरं व्हँकुव्हरवर धरलं आणि दोरा ताणला. तो सरळ वर गेला, बर्फाच्या कडेकडेने पलीकडे उतरला.

"अकरा हजार किलोमीटर आणि वर थोडे," मास्तर म्हणाले. "न थांबता गेलं तर तेरा-चौदा तास. नाक उत्तरेला करा."

मेहंगासिंग भडकले. "उत्तरेला? उत्तरेला माझा साडू राहतो! त्याच्याकडे नाक करून काय रोज त्याला सलाम ठोकू?"

"अहो, पृथ्वी गोल आहे."

"असेल. माझा पोरगा गेला तो दिल्लीला गेला. मी स्वतः सोडून आलोय त्याला. विमान दिल्लीहून सुटतं ना? मग नाक दिल्लीकडे!"

अशा रीतीने माझं नाक कायमचं दिल्लीकडे झालं. मास्तर गोल घेऊन मुकाट्याने परत गेले. कॅनडा माझ्या पाठीमागे राहिला. आजही आकाशात खूप उंचावर आवाज आला की मला मागे वळून पाहावंसं वाटतं. पण मी सिमेंटची आहे.

माझं खरं काम मात्र बेबेने ठरवलं. बेबे म्हणजे तरलोचनची आई, बचिंत कौर. बांध्याने बारीक, आवाजाने खणखणीत. आमच्याकडे लग्नात आई मुलाच्या डोक्यावरून पाण्याचं भांडं ओवाळते आणि त्यातला घोट पिते. त्याच्यावरचं संकट आपल्या अंगावर घ्यायचं, अशी ती रीत. तरलोचन पहिल्यांदा सुट्टीवर येऊन परत निघाला, तेव्हा बेबेने फाटकात तसंच पाणी ओवाळलं आणि प्यायली. मग तिने विचारलं, "पोचायला किती वेळ लागतो रे?"

"दिल्लीहून उडायचं, मधे एकदा उतरायचं, पुन्हा उडायचं. सगळं मिळून बावीस तास, बेबे."

गाडी गेली. बेबे हातातल्या भांड्याकडे बघत उभी राहिली. "एवढ्या लांबच्या वाटेला एक घोट कसा पुरेल?" ती म्हणाली. आणि विमान उडायच्या वेळेला तिने मोटार चालू केली. मी काठोकाठ भरले, गळ्यातून पाणी सांडायला लागलं, तेव्हा तिने मोटार बंद केली आणि अंगणातला माझा मोठा नळ गच्च आवळला. न्हाणीघर, स्वयंपाकघर, सगळं पाणी त्याच नळावरून पुढे जायचं.

आतून मेहंगासिंग ओरडले, "अगं, पाणी गेलं! माझ्या डोळ्यांत साबण आहे!"

"मग चोळत बसा. पोरगा हवेत आहे."

"त्याचा आणि माझ्या आंघोळीचा काय संबंध?"

"टाकी भरलेली आहे तोवर तो वर आहे. पोचल्याचा फोन आल्याशिवाय एक थेंब कुणी काढायचा नाही. हापशावर जा."

सहा फुटी मेहंगासिंग पंचा गुंडाळून, डोळे मिटून, चाचपडत अंगणातल्या हापशाकडे निघाले. चन्नो भिंतीवरून बघत होती. तिने पदर तोंडात कोंबला. "बचिंत, अगं विमान तेलावर चालतं की पाण्यावर?"

"तुझा कुकर कशावर चालतो ते बघ आधी!" बेबेने उत्तर दिलं.

मित्रांनो, तुम्हीही हसाल. पण त्या बावीस तासांत मला काय वाटायचं ते सांगू? एरवी मी भांडी घासायच्या, म्हशी धुवायच्या पाण्याची टाकी. त्या बावीस तासांत मात्र मी खरोखरचं विमान असायचे. माझ्या पोटात एक माणूस असायचा आणि त्याला मला खाली सांडू द्यायचं नसायचं. मी तास मोजायला शिकले. मग खाली फोन खणखणायचा, बेबे ओरडायची, "पोचला!" आणि नळ उघडायची. माझं पाणी धो-धो खाली जायचं. त्या क्षणी मीच उतरल्यासारखी हलकी व्हायचे.

एकदा तर बावीस तास गेले, चोवीस गेले, फोन नाही. दुसरा दिवस गेला. बेबेने काही नळ उघडला नाही. हापशावर रांग लागली. मेहंगासिंगांची भाची कॉलेजच्या सुट्टीत आलेली, ती केस न धुताच परत गेली. तिसऱ्या दिवशी तरलोचनचा फोन आला. तो वेळेवर पोचला होता. थकून झोपला, उठून कामावर गेला आणि विसरला.

"विसरलास?" बेबेचा आवाज गच्चीपर्यंत आला. "तू पोचून झोपलास रे पुत्तर! पण इथे आमच्यासाठी तू तीन दिवस हवेतच होतास. तुझा बाप तीन दिवस हापशावर दाढी धुतोय. पोचलास की आधी सांगायचं. जेवण, झोप, बाकी सगळं मग." त्यानंतर तो कधी विसरला नाही. त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, नवरीत. तिघं यायची, तिघं जायची, आणि मी भरायचे आणि मोकळी व्हायचे. माझे ते सुखाचे दिवस.

मग एका जेठ महिन्यात मेहंगासिंग सकाळी अंगणात बसल्या जागी गेले. ऊन असं की गच्चीवर पक्षी उतरत नव्हता. तरलोचनला फोन गेला. मिळालं त्या विमानाने तो निघाला. त्याने कळवलं, "मी बसलो. थांबा माझ्यासाठी." बेबे उठली. घरात माणसं मावत नव्हती, बायकांचा आक्रोश चाललेला, आणि बेबेने मोटार लावून मला भरलं आणि नळ आवळला. कुणीतरी म्हणालं, "बचिंत, आज तरी राहू दे." ती म्हणाली, "आज तर मुळीच नाही." मेहंगासिंगांची शेवटची आंघोळ हापशाच्या पाण्याने झाली.

बर्फाच्या लाद्या आणल्या, त्या वितळल्या, पुन्हा आणल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गुरुद्वाऱ्याचे भाईजी बेबेजवळ येऊन बसले. "बहनजी, आता देह थांबणार नाही." मधल्या विमानतळावर तरलोचनचं पुढचं विमान चुकलं होतं. त्याची वाट न पाहता लोक मेहंगासिंगांना घेऊन गेले. मुलगा आला तो दुसऱ्या दिवशी, राख निवल्यावर. तो फाटकातच उभा राहिला, आत येईना. बेबेने त्याच्याकडे पाहिलं, मोठ्या नळापाशी गेली आणि तो उघडला. "ये. हातपाय धू," ती म्हणाली. माझ्या पाण्याने त्याने तोंड धुतलं. बराच वेळ तो धूतच होता. अकरा हजार किलोमीटर म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. मास्तरांच्या दोऱ्यावर ते हातभरच होतं.

त्यानंतर बेबे सात वर्षं एकटी राहिली. तरलोचन दर आठवड्याला फोनवर म्हणायचा, "चल माझ्याकडे." ती टाळायची. एकदा चन्नोने विचारलं, "विमानाला घाबरतेस की काय?"

"विमानाला कोण घाबरतंय? मी हवेत असताना नळ कोण सांभाळणार?"

चन्नो हसली नाही. पहिल्यांदाच हसली नाही. "मी सांभाळेन. इतकी वर्षं भिंतीवरून बघतेय, मला येत नाही होय?"

मग बेबे निघाली. जायच्या सकाळी तिने मला काठोकाठ भरलं, नळ आवळला, घराची वीज बंद केली. गच्चीवर आली, माझ्या पंखावर हात ठेवून उभी राहिली. "सांभाळ," एवढंच म्हणाली. फाटकाची किल्ली चन्नोच्या हातात दिली, दुसरी स्वतःच्या ओढणीच्या गाठीत बांधली. "पोचले की तुला फोन करते. मगच उघड."

"कितीदा सांगशील? जा आता!"

मी मोजायला लागले. दहा तास, पंधरा तास. अठराव्या तासाला चन्नोच्या दारात रिक्षा थांबली. तिची मुलगी फगवाड्याला बाळंतपणाला अडली होती. चन्नो पिशवी छातीशी धरून, चप्पल पायात नीट न घालता धावत आली आणि रिक्षात बसून गेली.

बावीस तास झाले. कुणी आलं नाही. तीन दिवस झाले. मी मनाशी म्हटलं, झोपली असेल, तरलोचनसारखी. महिना झाला. चन्नो दोन महिन्यांनी आली ती सामान बांधायलाच. मुलगा तिला इटलीला घेऊन गेला. आमचं फाटक तिने उघडलं नाही.

मित्रांनो, पुढची नऊ वर्षं कशी गेली, हे मला नीट सांगता येणार नाही, कारण काही घडलंच नाही. माझा रंग उडाला. शेपटीत पिंपळाचं रोप उगवलं. गल्लीतली घरं एकेक करून कुलूपबंद झाली. संध्याकाळी दिवे लागायचे, ते मोजायला एका हाताची बोटं पुरायची. गच्चीगच्चीवर आम्ही सगळे तसेच उभे, विमानं, गरुड, रणगाडा, कुकर, पण खाली हाक मारायला कुणी नाही. मला एकच काळजी होती. माझं पाणी उतरत होतं. उन्हाळ्यात पंखाच्या खाली जायचं, पावसाळ्यात झाकणाच्या फटीतून थोडं वर यायचं. पण बेबे माझ्या पोटात होती ना! ती पोचली असं कुणी मला सांगितलंच नव्हतं. माझ्या हिशेबी ती हवेतच होती आणि मला सगळं सांडून चालणार नव्हतं. एखादी मैना चोच मारायला आली तरी मला राग यायचा.

यंदा कार्तिकात एका सकाळी फाटक कुरकुरलं. एक उंच मुलगी आत आली. पाठीवर पिशवी, हातात ओढणीच्या चिंधीत बांधलेली किल्ली. ती चिंधी मी ओळखली. ती नवरीत होती. शेवटची पाहिली तेव्हा दहा वर्षांची होती.

तिच्या पाठोपाठ शेजारची फुलमती आली. ही मूळची बिहारातल्या पूर्णियाची. तिचा नवरा शेतावर काम करतो आणि दोघं चन्नोचं घर राखतात. नवरीतने घर पाहिलंच नाही. ती सरळ मोठ्या नळापाशी गेली आणि दोन्ही हातांनी तो पिळायला लागली.

"दीदी, राहू द्या, पाणी कुजलं असेल," फुलमती म्हणाली.

"उघडायचाच आहे. बाबांनी घर बघून ये म्हणून पाठवलंय, ते बघेन सावकाश. बेबेने मला एवढं एकच काम दिलंय."

"आहेत अजून त्या?"

"आहे ना. शहाऐंशी वर्षांची. पण तिकडे ती कधी राहिलीच नाही गं. पलंगाखाली तिची बॅग अजून भरलेलीच आहे. विमानतळावर उतरल्या उतरल्या तिने बाबांना चन्नो आजीला फोन लावायला सांगितला होता. चन्नो आजी दवाखान्यात होती. म्हणाली, परत गेले की उघडते. आणि राहून गेलं. बेबे रोज विचारायची, नळ उघडला का? बाबा सांगायचे, उघडला, केव्हाच उघडला. ती म्हणायची, 'खोटं बोलू नकोस. उघडला असता तर मला कळलं असतं. मी अजून मधेच आहे.'"

फुलमतीने एक दगड उचलला आणि नळाच्या मानेवर चार ठोके घातले. नवरीतने पुन्हा जोर लावला. नऊ वर्षांचा गंज कुरकुरला. नवरीतने घाईघाईने फोन लावला आणि नळाजवळ धरला. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती.

"बेबे, ऐक!"

आधी हवा आली, मग लाल चिखल, मग पाणी. मी माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं सोडलं. नवरीतने फोन कानाला लावला. "बेबे? आहेस ना?"

"पोचले गं पुत्तर," बेबे म्हणाली. तोच आवाज, नुसता बारीक झालेला. "आता पोचले." मग नाक ओढून म्हणाली, "तिचं नाक अजून दिल्लीकडेच आहे का गं?"

"दिल्लीकडेच आहे, बेबे."

"असू दे. ते काही ऐकायचे नाहीत."

नवरीत आठ दिवस राहिली. घर विकायचं की ठेवायचं, हे तिने वडिलांना काय कळवलं मला माहीत नाही. निघायच्या दिवशी वीज नव्हतीच, म्हणून तिने हापशावरून बादल्या भरल्या आणि जिना चढून माझ्या पोटात ओतल्या. एक, दोन, तीन, चार. दम लागला तिला. "मला माहीत आहे, हा वेडेपणा आहे," ती माझ्याकडे बघून म्हणाली. मग नळ आवळला आणि किल्ली फुलमतीला दिली. "विमान उडताना मी तुला फोन करते. तिथून बावीस तास. पोचले की पुन्हा करते. मगच उघड."

फुलमती हसली नाही. तिचा नवरा गावी जातो तेव्हा रेल्वेला तीस तास लागतात.

नवरीतचं विमान काल दुपारी दोनला उडालं. आज बाराला बावीस तास झाले. आता ऊन माझ्या पंखावरून उतरायला लागलंय आणि फोन आलेला नाही. नऊ वर्षांनी उघडलेला नळ पुरता बंदही होत नाही. त्यातून एकेक थेंब गळतोय. फुलमतीने त्याच्याखाली वाटी ठेवली आहे. वाटी भरली की ती जिना चढून वर येते, झाकण सरकवते आणि ते पाणी परत माझ्या पोटात ओतते. आत्तापर्यंत अकरा वेळा आली. दर वेळी एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात फोन.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, लांब लांब जाल. जरूर जा. अंतर किती, तास किती, ते सगळं तुम्हाला आधीच ठाऊक असेल. पण पोचलात की आधी घरी फोन करा. जेवण, झोप, बाकी सगळं मग. कारण तुम्ही तिथे उतरलात तरी इथे कुणाच्या तरी लेखी तुम्ही अजून हवेतच असता.

जिन्यावर पुन्हा पावलं वाजताहेत. फुलमती बारावी वाटी घेऊन येते आहे.